हिवाळ्यात पाऊस आहे का, असं तुम्ही विचारलंत

भांडुप, मुंबई
३ डिसेंबर २०२३

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि मग मनात असेल तेच करता, म्हणून पत्र लिहितेय. आई, तू हे अण्णांना मोठ्याने वाचून दाखव. चष्मा सापडत नाही ही सबब या वेळी चालणार नाही.

गुरुवारी अण्णांनी विचारलं, "औंदा हिवाळ्यात पाऊस हाय म्हणत्यात, खरं का?" आणि लगेच बोअरवाल्याचा विषय काढला. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. मग बाळूने पाठवलेला तो मेसेज मी शोधून वाचला. 'एल निनोमुळे हिवाळ्यात दुष्काळ हटणार, हवामान खात्याचा अंदाज.' अण्णा, अंदाज खरा आहे. खातं अमेरिकेचं आहे.

त्यांच्याकडे मिसिसिपी नावाची मोठी नदी आहे, ती यंदा ऑक्टोबरमध्ये इतकी आटली की मालाच्या होड्या चालवणं अवघड झालं. एल निनोच्या वर्षी पॅसिफिक महासागराचा विषुववृत्तालगतचा मधला आणि पूर्वेकडचा पट्टा तापतो. त्यामुळे आकाशात उंचावरून वाहणारे जोराचे वारे तिकडे दक्षिणेला सरकतात आणि दक्षिणेकडच्या राज्यांत हिवाळी पावसाची शक्यता वाढते. म्हणून त्यांच्या खात्याने लिहिलं की तिकडचा दुष्काळ थोडा हटेल. आपल्याकडे तमिळनाडूलाही ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात एल निनोचा बऱ्याचदा फायदा होतो. आपल्या वाट्याला मात्र याच एल निनोच्या वर्षी असा ऑगस्ट आला की १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. तिकडे पाहुणा म्हणून जाणारा आपल्या दारात वसुलीला येतो.

बरं, समजा उद्या आपल्याच खात्याने सांगितलं की सोलापूर जिल्ह्यात हिवाळ्यात सरासरीपेक्षा जास्त पाऊस पडेल. तरी काय? मी नववीच्या मुलांना हे शिकवते तेव्हा आधी विचारते, सरासरी किती ते सांगा. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी मिळून सांगोल्याकडे सरासरी इंचभरसुद्धा पाऊस नाही. त्याच्या दीडपट म्हणजे किती? विहिरीच्या काठावरचं शेवाळ ओलं होईल, एवढंच. आपलं जे काही असतं ते मृगापासून परतीच्या पावसापर्यंत. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' हे आजीच म्हणायची ना? स्वाती कधीच निघून गेलं, आणि कोरडंच गेलं.

आणखी एक. हे अंदाज 'पडेल' किंवा 'नाही' असं सांगतच नाहीत. सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका आणि जास्त अशा तीन चिठ्ठ्या धरायच्या. काहीच माहीत नसेल तर तिन्हींना तेहतीस-तेहतीस टक्के. खातं म्हणतं 'जास्त'ची शक्यता चाळीस टक्के, आणि बातमी छापून येते 'जोरदार पाऊस'. उरलेल्या साठ टक्क्यांचं कोणी बोलत नाही. शिवाय आकडा असतो मोठ्या मुलखाचा. एप्रिलमध्ये आपल्या खात्याने देशभरासाठी पावसाळ्यात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता, पडला ९४. कागदावर खातं चांगल्या मार्कांनी पास. आणि ३१ ऑक्टोबरला राज्याने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत आपलं सांगोला.

तुम्ही म्हणाल, सत्त्याण्णवला एवढा मोठा एल निनो होता तरी पाऊस झालाच होता. झाला होता, देशाची सरासरी १०२ टक्के होती. आणि २००२ ला खात्याने नेहमीसारखा पाऊस सांगितला, तर ऐन जुलै कोरडा गेला. म्हणून मी खात्याला देव मानत नाही. तुमच्या पंचांगातल्या नक्षत्राच्या वाहनालाही नाही. यंदा काय होतं, म्हैस की कोल्हा?

आता मूळ मुद्दा, बाग. तुम्ही डाळिंबाचं पाणी तोडून झाडं ताणावर सोडलीत म्हणजे जानेवारीत पाणी देऊन आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याआधीची फुलं, धरायचा बेत आहे. त्या बहाराला खरी पाण्याची गरज लागते एप्रिल-मेमध्ये, आणि ते पाणी कुठून येणार? उजनी धरण भरलं नाही. टेंभू योजनेच्या कालव्याचं पाणी कधी सुटेल ते गावात कोणालाच सांगता येत नाही. राहिला बोअर. मागच्या वेळी जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला आणि सातशे फुटांवर नुसता फुफाटा निघाला. त्याचे हप्ते अजून चालू आहेत, अण्णा.

आणि हिवाळ्यात पाऊस आलाच तर तो कसा येतो तेही तुम्ही पाहिलंय. मागच्या रविवारी, २६ तारखेला, नाशिककडे द्राक्षबागांवर गारा पडल्या, घड खाली आले. आपल्या बागेत कळी असताना तसं झालं तर कळी गळेल, आणि वर डाळिंबावरचा तेल्या रोग येईल.

म्हणून माझं ऐका. यंदा आंबे बहार धरू नका. झाडं जगतील एवढंच पाणी द्या, बुडाशी ज्वारीच्या धसकटांचं किंवा पाचटाचं आच्छादन टाका. एप्रिलच्या मध्याला आपल्या खात्याचा पावसाळ्याचा पहिला अंदाज येतो, मेअखेर सुधारित येतो. तोपर्यंत एल निनो निवळतोय का तेही दिसेल. तेव्हा पावसाळ्याच्या सुरुवातीला धरायच्या मृग बहाराचं ठरवू. तो अंदाजही चिठ्ठ्यांचाच असेल, पण निदान पावसाळ्याचा असेल. एक हंगाम पैसा येणार नाही हे मलाही कळतं. बोअरच्या दीड लाखापेक्षा ते सोसण्यासारखं आहे, आणि महिन्याला थोडे पैसे मी पाठवीन. त्यावर वाद नको.

ज्वारीचं काय? आई म्हणाली की उगवण विरळ आहे. परवा खात्याने सांगितलंय की यंदा देशाच्या बहुतेक भागांत किमान तापमान नेहमीपेक्षा जास्त राहील. म्हणजे थंडी बेताची आणि दंवही कमी. कणसाची फार आशा न धरता कडबा हाती लागला तरी बरं म्हणा. दोन्ही म्हशी राखायच्या की एक, ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही.

दुष्काळ जाहीर झालाय तर त्याचं जे मिळतं ते तरी घ्या. कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट आहे, जमीन महसुलात सूट आहे, पीककर्जाचं पुनर्गठन आहे. बाळूला मेसेज पुढे ढकलायचा एवढा उत्साह आहे तर त्याला तलाठ्याकडे पाठवा.

इथे त्याच रविवारी सकाळी पाऊस पडला. स्टेशनवर सगळे कुरकुरत होते, छत्र्या माळ्यावर टाकल्या होत्या म्हणून. मुंबईला पाणी पुरवणारे सातही तलाव ऑक्टोबरला जवळपास काठोकाठ भरलेले होते. आमच्या बिल्डिंगमध्ये पहाटे साडेचारला पाणी येतं. पिंप भरताना नळ वाहता राहिला की मला आई टँकरमागे कळशी घेऊन उभी दिसते, आणि मी तो बंद करते. त्याने तुझी कळशी भरत नाही हे मला माहीत आहे. अण्णा बहात्तरच्या दुष्काळात एकोणीस वर्षांचे होते, खडी फोडली, मिलो म्हणजे ती परदेशी लाल ज्वारी खाल्ली. आता सत्तरीत त्यांनी पुन्हा बोअरच्या गाडीमागे रात्रभर जागावं, हे मला नको आहे.

मेमध्ये शाळेला सुट्टी लागली की मी येतेच आहे. त्याआधी तुम्ही इकडे यावं असं दर वर्षी म्हणते आणि दर वर्षी म्हशी आडव्या येतात, त्यामुळे या वर्षी म्हणत नाही. आईच्या गुडघ्याचं औषध कुरिअरने पाठवलंय, उपाशीपोटी घेऊ नकोस.

बोअरवाल्याला फोन केला असेल तर 'नको' म्हणून कळवा, आणि कळवल्यावर मला सांगा.

तुमची,
सुमन