‘टायर फुटला’ एवढ्यावर बातमी संपवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली महामार्गावरच्या अपघाताची बातमी वाचली. ‘टायर फुटल्याने चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य आपण इतक्यांदा छापलंय, की दरड कोसळावी तसा टायर फुटतो, त्यात कुणाचाच दोष नाही, असं वाचणाऱ्याला वाटावं. टायर किती सालचा होता, नक्षी किती उरली होती, कडेला फुगा आला होता का, हे एकदाही छापून येत नाही.

चिडून लिहितोय, कारण दिवाळीत माझ्यावरच ही पाळी यायची होती. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी गाडी सर्व्हिसिंग करून आणली. कागदावर ‘टायर ओके’, पुढे बरोबरची खूण. एका चाकात हवा कमी वाटली म्हणून पोवई नाक्याजवळ पंक्चरवाल्याकडे थांबलो. त्याने स्टेअरिंग पूर्ण वळवायला लावलं, पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने हात फिरवला आणि म्हणाला, ‘काका, हे बघा.’ बाहेरून नक्षी चांगली, आतली कड मात्र पार गोटा. दोन ठिकाणी तार वर आलेली, ती माझ्या बोटाला टोचली. अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ ठेवण, बिघडलं की असं एकाच बाजूने झिजतं, उभ्याने बघून कळत नाही. दुसऱ्या दिवशी याच चाकांवर नातवंडांना घेऊन मी खंबाटकी घाट उतरणार होतो! सर्व्हिस सेंटरला जाब विचारला, तर म्हणे ‘आम्ही बाहेरून बघतो.’ मग खूण कशाच्या जोरावर केली?

नक्षीच्या खाचांत बारीक आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, टायर बदलायचाच. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. त्या दिवशी स्टेपनीही काढून पाहिली. तिच्यावर ३११४ निघाले. इतकी वर्षं मी ती भरवशाने डिकीत वागवत होतो.

आणखी एक. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळालीच पाहिजे, असा नियम आहे. आमच्या जवळच्या पंपावर दोन महिने हवेच्या मशिनवर पोतं टाकलेलं आहे. ‘पुढच्या पंपावर बघा,’ म्हणतात. हवा थंड चाकात तपासायची असते. पुढच्या पंपापर्यंत जाईतो चाकं तापतात, त्याचं काय?

आपल्या वार्ताहरांनी यापुढे अपघातातल्या टायरचं साल आणि झीज पोलिसांना विचारून बातमीत द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा