गुरुजी, शांत न केल्याबद्दल आभार

तीर्थस्वरूप गुरुजी,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर कौतुक केलं की तुम्ही स्कूटरला किक मारून निघून जाता, म्हणून हे लिहून काढतेय. आणि उघड पत्र अशासाठी, की तुमच्या यजमानांपैकी आणखी दोन-चार घरांत तरी आमच्यासारखं पोर असेल आणि त्याच्याही पत्रिकेची घडी कुणाच्या तरी पर्समध्ये असेल.

माझ्या पर्समध्ये होती. चातुर्मासात तुम्ही आलात तेव्हा सासूबाईंनी ती पुढे केली आणि कोणती ग्रहशांत करावी ते विचारलं. तुम्ही सांगाल ती आम्ही केली असती, खर्चाचं तोंडही पाहिलं नसतं. तुम्ही पत्रिका उघडलीसुद्धा नाहीत. "बटू कुठाय?" म्हणालात आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन त्याच्या शेजारी बसलात.

तिथे तुम्ही जे पाहिलंत ते आम्ही रोज सकाळी पाहत होतो. पुढ्यात संध्येची पळी-पंचपात्री आणि ताम्हन. घ्यायची विष्णूची चोवीस नावं. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, की मान झटकायची आणि पुन्हा केशवापासून सुरुवात. मध्येच एखादी शिवी मनात येते, देवाला उद्देशून. ती आली की आचमन बाटलं. ते तसंच सोडलं तर बाबांना काहीतरी होणार. बाबा रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातात, म्हणजे त्या 'काहीतरी'साठी कसारा घाट तयारच. ताम्हन भरून पाणी पाटाखाली यायचं, स्कूलबस हॉर्न वाजवून निघून जायची आणि हा सातवीतला मुलगा घामाघूम होऊन चौथ्या नावापाशीच अडकलेला असायचा.

नातेवाईक म्हणायचे, "फार धार्मिक निघाला हो तुमचा मुलगा!"

तुम्ही मात्र त्याला एकच प्रश्न विचारलात, "संध्या झाल्यावर बरं वाटतं का रे?" तो म्हणाला, "नाही, भीती वाटते." तुम्ही बाहेर येऊन चहाला नको म्हणालात आणि सासूबाईंना सांगितलंत, "वहिनी, हे माझ्या पोथीतलं नाही. मनाच्या डॉक्टरांकडे न्या. उद्याच न्या."

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं असतं तर घरात महाभारत झालं असतं. तुमच्या तोंडून निघालं म्हणून दुसऱ्या दिवशी सासूबाई आमच्याआधी तयार होऊन बसल्या होत्या.

तिथे कळलं की हा ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात आणि हसून सोडून देतात, तोच. हात धुणं आणि कुलूप चारदा ओढून बघणं एवढंच मला माहीत होतं. पण तो असाही येतो. ज्या गोष्टीवर पोराचा सगळ्यात जास्त जीव, नेमक्या तिच्याविरुद्धचे घाणेरडे विचार मनात घुसतात. असे भलते विचार तुमच्या-माझ्या मनातही येतात, आपण ते झटकून पुढे जातो. याला झटकता येत नाही. विचार येऊ नये म्हणून जितका जोर लावावा तितका तो जास्त येतो. मग तो 'फिटवण्यासाठी' पुन्हा म्हणणं, मोजणं, विचारणं सुरू होतं.

विचारण्याचं तर सांगूच नका. "आई, मी मुद्दाम नाही ना म्हटलं?" "देव रागावला नसेल ना?" "बाबांना काही होणार नाही ना?" मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी कागदावर गोल काढून दाखवला: भीती, प्रश्न, आपलं "नाही रे बाळा", घडीभर सुटका, आणि पुन्हा भीती, आधीपेक्षा मोठी. म्हणजे "काही होणार नाही" हे उत्तरसुद्धा आजाराचंच खाणं. घरातला प्रत्येक माणूस त्या स्वयंपाकाला लागला होता. ह्यांचा 'पोचलो' हा मेसेज आधी दादरला यायचा. नंतर नाशिकरोड सुटल्यावर, इगतपुरीला, कसाऱ्याला आणि कल्याणलाही यायला लागला.

उपचार दोन. एक गोळी. सर्ट्रालिन या आजारासाठी लहान मुलांनाही देतात, परिणाम नीट कळायला दोन-तीन महिने जातात, तोवर धीर धरायचा. "एवढ्याशा पोराला मेंदूची गोळी?" म्हणणारे पुष्कळ भेटले, त्यांच्याबद्दल इथे न लिहिलेलंच बरं. दुसरा उपचार म्हणजे ईआरपी, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. ज्याची भीती वाटते ते ठरवून, थोडंथोडं समोर आणायचं आणि ते फिटवायचं मात्र नाही. भीती आपसूक उतरेपर्यंत बसून राहायचं. उतरली नाही तरी बसायचं.

दोघा-तिघांनी सल्ला दिला की संध्याच बंद करून टाका, विषय संपला. बाई नको म्हणाल्या. टाळणं हेही आजाराच्याच सोयीचं, आज संध्या टाळली तर उद्या देवघर टाळेल, परवा देवळाचा रस्ता. संध्या करायची, पण एकदाच. आणि चुकली तर चुकलेलीच ठेवायची. हे त्याला सांगेल कोण? आईचं यात कोण ऐकणार! म्हणून आम्ही पुन्हा तुमच्याकडे आलो.

तुम्ही बाईंना फोनवर विचारलंत ते मला आठवतंय. "चूक झालेली तशीच ठेवायची म्हणता? मुद्दाम?" बाई म्हणाल्या, "मुद्दाम." तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मंत्रातला स्वर चुकला, अनुदात्ताच्या जागी उदात्त लागला, तर पंगतीत बसलेल्या पाहुण्यालासुद्धा थांबवणारे तुम्ही. आमच्या घरातल्या कुणापेक्षाही हे तुम्हाला जड गेलं असणार. क्षमाप्रार्थनेची वाट तुम्ही सुचवून पाहिलीत. अक्षर गळलं, मात्रा चुकली तर देवा क्षमा कर, असं पूजेच्या शेवटी आपण म्हणतोच की. वाट चांगली होती. दोनच दिवसांत हा पठ्ठ्या क्षमाप्रार्थना अकरा-अकरा वेळा म्हणू लागला! त्यावर तुम्ही खो-खो हसलात आणि तोही हसला. त्या आजारावर आमच्या घरात कुणी हसल्याची ती पहिलीच वेळ.

मग ती सकाळ. "आज वामन गाळायचा," तुम्ही म्हणालात. "त्रिविक्रमावरून थेट श्रीधर." त्याने गाळला. तोंड पांढरंफटक पडलं, उजवा हात पळीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. तुम्ही हात धरला नाहीत. "बाबांना काही होईल?" त्याने विचारलं. मी दाराआड उभी होते आणि "नाही" हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता.

तुम्ही म्हणालात, "ते मला कसं ठाऊक असणार? पुढचं म्हण, बस येईल तुझी."

मुहूर्त, तिथी, वार, सगळं ठामपणे सांगणारा माणूस एका मुलासमोर 'मला ठाऊक नाही' म्हणाला, तेही इतक्या सहज, की दप्तर भरलंस का असं विचारावं. गुरुजी, मी आभार मानतेय ते या वाक्याचे. खात्री दिली असतीत तर त्याला ती रोज लागली असती आणि रोज अपुरी पडली असती. तुम्ही त्याला खात्रीवाचून उठायला शिकवलंत. पुढे तुम्ही येऊन कधी पद्मनाभ गाळायला लावलात, कधी दामोदर दोनदा म्हणायला लावलात. एकदा तर तुम्ही स्वतःच अनिरुद्धावर अडखळलात. ते मुद्दाम होतं की खरंच, हे अजून मला कळलेलं नाही. विचारणारही नाही.

आजार गेलेला नाही. परीक्षा आली की डोकं वर काढतो, मध्यंतरी गणिताच्या वहीत शिरला होता. गोळी चालू आहे, बाईंकडे जाणं चालू आहे. पण संध्या एकदाच होते आणि बस सहसा मिळते. ह्यांचे मेसेज बंद झालेत, त्यामुळे इगतपुरीला वडा खाल्ला की नाही हेही आता आम्हाला कळत नाही.

हे वाचणाऱ्या आईबापांपैकी कुणाला सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर टेली-मानसचा नंबर १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि घरात येणारे गुरुजी जाणते असतील तर त्यांनाही सांगून पाहा.

त्या सगळ्या सकाळींची दक्षिणा तुम्ही घेतली नाहीत, "पूजा कुठे केली मी?" म्हणालात. श्रावणात सत्यनारायणाला याल तेव्हा मात्र पाकीट घ्यावं लागेल. ते बटू देणार आहे आणि तुम्ही नको म्हणालात तर पुन्हा पुन्हा विचारणार आहे. त्याला तेवढी परवानगी बाईंनी दिली आहे.

आपली,
तुमच्या बटूची आई