केडगाव कुठे गेलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला पेन्टेकॉस्टल (पवित्र आत्म्याचा प्रत्यक्ष अनुभव येतो असं मानणाऱ्या ख्रिस्ती) मंडळ्यांच्या वाढीवरचा लेख वाचला. कालच लिहायला बसले होते, पण राग आवरेना, म्हणून आज लिहिते आहे.

लेखक म्हणतात, सगळं १९०६ साली लॉस एंजेलिसला अझुसा स्ट्रीटवर सुरू झालं आणि तिथून मिशनऱ्यांनी जगभर नेलं. तिथल्या सभा चालवणाऱ्या विल्यम सेमूर यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा तो मुलगा. पण त्यांच्या सभा एप्रिल १९०६ मधल्या. केडगावच्या मुक्ति मिशनात, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या निराधार बायका-मुलींच्या आश्रमात, संजीवन (श्रद्धेची अचानक उसळलेली लाट) झालं ते जून १९०५ च्या अखेरीस. पुण्याहून दौंडला जाताना वाटेत लागणारं हे स्टेशन. लेखात त्याचा उल्लेख एका ओळीचाही नाही!

माझी आजी तिथे होती. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून ज्या मुली पंडिता रमाबाईंनी आणल्या, त्यातली ती एक. तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. ती सांगायची, रात्री पलीकडच्या दालनात पळापळ झाली. एका मुलीला अंगात आग उतरल्यासारखं झालं होतं, आणि शेजारच्या मुलीला तिच्या अंगावर खरोखरच ज्वाळा दिसल्या, म्हणून ती पाण्याची बादली आणायला धावली. मग कित्येक दिवस शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या, रडत होत्या, एकमेकींची क्षमा मागत होत्या. आजी हे सांगताना नेहमी बादलीपाशी थांबायची आणि म्हणायची, "ती बादली मी सकाळी पाहिली गं, भरलेलीच होती."

हे केडगावातच राहिलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी त्या मुलींचा अनुभव १९०६ मध्ये एका पुस्तिकेत लिहिला. शिकागोत बरोबर शिकलेल्या मे हूव्हर या मैत्रिणीला त्यांनी ती पाठवली, थेट चिलीतल्या वालपाराईसोला. मे यांचे पती विलिस हूव्हर तिथे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक. १९०९ मध्ये त्यांच्या मंडळीत संजीवन झालं, ते वरिष्ठांना पटलं नाही, आणि १९१० मध्ये वेगळी मंडळी उभी राहिली. आज चिलीतल्या प्रोटेस्टंटांत बहुसंख्य पेन्टेकॉस्टलच आहेत. त्यांच्या मुळाशी अमेरिका नाही, दुष्काळातून वाचलेल्या आपल्या मुली आहेत. रमाबाईंनी स्वतः कुठलाही पंथ काढला नाही, म्हणून काय त्या इतिहासातून गळाल्या? आमच्या लोकांनी नेहमी घेतलंच, दिलं काहीच नाही, असं वाचून वाईट वाटतं.

आता आणखी एक. गेल्या वर्षी रमाबाईंच्या मराठी बायबलवर पाठवलेलं माझं पत्र तुम्ही निम्मंच छापलंत, आणि कापलंत ते नेमकं छापखान्याचं. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत भाषांतर केलं. ते मुक्तीतल्याच मुलींनी अक्षरांचे खिळे जुळवून छापलं. नवा करार १९१३ मध्ये निघाला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये, बाई गेल्यानंतर दोन वर्षांनी. आजी त्या खिळे जुळवणाऱ्यांतली. खिळ्यांवरची अक्षरं उलटी वाचायची सवय, म्हणून म्हातारपणीसुद्धा समोर बसलेल्या माणसाच्या हातातला पेपर ती उलट्या बाजूने भराभर वाचायची. तिची प्रत माझ्याजवळ आहे. कोपरे झिजलेत, स्तोत्रांची पानं सुटी झालीत.

येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, त्यात केडगाव आणि जून १९०५ ही दोन्ही यावीत. जागा कमी पडली तर माझा राग कापा. बादली राहू द्या.

आपली,
एक जुनी वाचक, दौंड