पथ्य एकट्या सुनेनंच का पाळायचं?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्त्रियांची जीवनशैली आणि वंध्यत्व यावरचा लेख वाचला. लवकर झोपा, बाहेरचं खाऊ नका, वजन आटोक्यात ठेवा, ताण घेऊ नका, लग्न लांबवू नका. सल्ल्यात खोट काढावी असं काही नाही. पण अख्ख्या लेखात नवऱ्याचा उल्लेख नाही, आणि सासू आली आहे ती फक्त काळजी करण्यापुरती. इंदूरच्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्यात माझी नोकरी सरली. काउंटरच्या आतल्या बाजूनं जे दिसत होतं, ते लिहिते.

चिठ्ठी येते ती बाईच्या नावाची. टीएसएच, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच अशा हार्मोनच्या तपासण्या, बीजांचा साठा सांगणारी एएमएच, उपाशीपोटीची साखर. बरोबर सासू, नाहीतर आई. रिपोर्ट न्यायला आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: ‘हिच्यात काय निघालं?’ नवऱ्याची वीर्यतपासणी यानंतर कधीतरी, पुष्कळदा वर्ष उलटल्यावर. तेव्हाही डबी हातात दिली की चेहरा पडतो आणि ‘मला काय धाड भरलीय?’ हे ऐकायला मिळतं. वास्तविक ज्यांना मूल होत नाही अशा निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा बायकोच्या जोडीनं. तपासणी सगळ्यात सोपी: २ ते ७ दिवस संबंध टाळायचा आणि नमुना द्यायचा. सुई नाही, टोचणं नाही, आणि एएमएचच्या मानानं खर्चही कितीतरी कमी. तरी ती शेवटी का?

बरं, जीवनशैली म्हणाल तर ती त्यालाही आहे. मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे आपल्या कोपऱ्यावरची कुठलीही भिंत सांगेल. तंबाखूनं शुक्राणूंची संख्याही घटते आणि हालचालही मंदावते. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणजे आज पुडी सोडली तर फरक दिसायला तीन महिने द्यावे लागतील. हे त्या डबीबरोबर कुणी सांगत नाही.

आता ‘लवकर झोपा’ हे घ्या. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर आणि विजयनगरकडच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्या पोरी आपल्या घराघरांत आहेत. कॅब पहाटे दारात सोडते तेव्हा घर उठलेलं असतं. सासऱ्यांचा चहा, मुलाचा डबा, मग अंघोळ-देवपूजा, आणि पाठ टेकते तोवर दहा वाजतात. त्यातही कुकरच्या शिट्ट्या, दुधवाला, कुरियरवाला. मेंदूच्या ज्या भागात शरीराचं घड्याळ आहे, त्याच भागातून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला इशारा जातो आणि तिथून बीजकोशाला. रात्रभर दिव्याखाली बसलं की झोपेचं हार्मोन मेलाटोनिन दबतं, झोपेची घडी विस्कटते आणि पाळीही मागेपुढे होऊ लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रात्रपाळीचं काम कर्करोगाच्या ‘संभाव्य कारणां’त घातलं आहे, तेही २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये. अशा मुलीला लेखातून ‘लवकर झोपा’ म्हणण्यापेक्षा घरच्यांना ‘दुपारपर्यंत तिच्या खोलीचं दार वाजवू नका’ म्हटलेलं जास्त उपयोगी पडेल.

खाण्याचं तर विचारूच नका. पोहे-जिलबी आणि सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजाराला आपण इंदूरकर उगाच बदनाम करतो. सराफ्यात कुणी रोज जात नाही. रोज जे होतं ते ओट्याशी होतं. सगळ्यांची पानं झाल्यावर सून बसते. वरण तळाला गेलेलं, उसळ संपलेली. उरलेला भात, दोन पोळ्या, वर शेव. आठवड्यातून दोन उपास, त्यात साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, प्रथिनं नावापुरती. दाण्याच्या कुटानं थोडी भर पडते एवढंच. असं खाणं वर्षानुवर्षं चाललं, जोडीला हालचाल कमी, की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग रक्तात इन्सुलिन वाढतं, त्याच्या जोरावर बीजकोश पुरुषी हार्मोन जास्त बनवतात आणि बीज पिकायचं राहून जातं. हनुवटीवर केस, मुरुमं, दोन-दोन महिने पाळी नाही. आपल्याकडे ज्याला सरसकट पीसीओडी म्हणतात ते हेच, आणि दर दहाजणींत साधारण एकीला असतं. वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के उतरवूनही बऱ्याच जणींची पाळी मार्गी लागते. सत्तर किलोच्या बाईला साडेतीन ते सात किलो, म्हणजे आवाक्यातलं. पण ‘तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक कुठे करत बसायचं?’ असं म्हटलं की संपलं. वेगळा कशाला हवा? मूग-मटकी, दही, कोशिंबीर सगळ्यांच्याच पानात वाढा की. साखर सासऱ्यांनाही असतेच.

उलट टोकही पाहिलंय. लग्न ठरलं की महिन्याभरात कंबर कमी करायची म्हणून काकडी-ताकावर राहणाऱ्या, वर दोन तास जिम करणाऱ्या मुली. अन्न पुरत नाही म्हटल्यावर मेंदू बीजकोशाकडचा इशाराच मंद करतो. पाळी थांबते, पुढे हाडंही ठिसूळ होतात. गरोदर नसताना तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायचं असतं, ‘बरंच झालं’ म्हणायचं नसतं.

जाता जाता लॅबमधली एक गोष्ट. केस गळतात म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्या पुष्कळ आहेत. काही यंत्रांवर त्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. रक्त देण्याआधी त्या गोळ्यांबद्दल सांगायला हवं.

आणि सगळंच जीवनशैलीच्या माथी मारू नये. गर्भनलिकेचा क्षयरोग आपल्या देशात वंध्यत्वाचं मोठं कारण आहे. एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं त्या आजारात, मुली वर्षानुवर्षं कळा सोसतात आणि ‘पाळीत दुखतंच’ म्हणून गप्प बसवल्या जातात. यातलं काहीही पिझ्झा खाऊन होत नाही. वयाचं मात्र खरं आहे. बत्तिशीनंतर बीजांची संख्या आणि प्रत हळूहळू, सदतिशीनंतर झपाट्यानं घसरते. हे मुलींना नीट सांगावं, पण पस्तिशीच्या मुलाचं स्थळ बघताना त्याच्या आईलाही सांगावं. वडिलांचं वय अगदीच बिनमहत्त्वाचं नसतं.

२०२३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे जगात दर ६ प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. म्हणजे आपल्या प्रत्येक वाड्यात, प्रत्येक सोसायटीत हा विषय आहे. तेव्हा विनंती अशी की याच पुरवणीत पुढचा लेख जोडप्यासाठी छापावा. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर, आणि बायको पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांनीच, दोघांनी एकाच दिवशी कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात, हे एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून लिहून घ्या. पुरुषांच्या तपासण्या वरच्या चौकटीत टाका.

ज्या लॅबमध्ये काम केलं तिथल्या लोकांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून नाव छापू नये.

आपली,
एक वाचक
सुदामानगर, इंदूर