डबा भरलेला परत आला तर विचारा! मंडळाचं आवाहन

मंडळी, पैसेच मागतोय, पण मांडवासाठी नाही.

नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रोड, इथं एमपीएससी करणारी किती पोरं-पोरी कॉट बेसिसवर राहतायत ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मागे आपल्या गल्लीतल्या मेसवाल्या काकूंच्या लक्षात आलं की एकाचा डबा तीन दिवस तसाच भरलेला परत येतोय, आधी वाटलं गावी गेला असेल, मग कळलं की पुस्तकं, नोट्स, टेबल लॅम्पसुद्धा त्यानं ज्युनियरला फुकट देऊन टाकलाय (निम्म्या किमतीत विकतात हो पोरं, फुकट कोण देतं?). काकू जिना चढून वर गेल्या आणि सरळ विचारलं, "बाळा, जीव द्यायचं येतंय का मनात?" तो रडायलाच लागला. रात्रभर आमच्यातले दोघं जवळ बसले, १४४१६ ला (टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) फोन लावला, सकाळी ससूनच्या मानसोपचार ओपीडीत नेलं, भावाला बोलावून घेतलं. परवा भाजी तिखट झाली म्हणून काकूंशी भांडत होता.

असं थेट विचारलं तर नसलेलं डोक्यात भरतं असं आम्हालाही वाटायचं. तसं होत नाही, उलट माणूस मोकळा होतो. "पुढच्या अटेम्प्टला होईल रे", "आईबापाचा विचार कर" हे मात्र बोलू नका, तो त्यांचाच विचार करत असतो, आपण त्यांच्यावर ओझं झालोय असा. आणि इतके दिवस खचलेला माणूस अचानक एकदम शांत झाला तर हुश्श करू नका, तेव्हाच जास्त लक्ष द्या. एकटं सोडू नका, धोक्याच्या वस्तू खोलीतून हलवा, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. पोलीस केसच्या भीतीनं घरचे लपवतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न करणारा तीव्र तणावात होता असंच धरतात, शिक्षा नाही, उपचार द्यायचे असतात.

आता मागणं. दर रविवारी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत एक समुपदेशक बसवायचाय, त्यांची फी आणि अडलेल्या पोरांचा महिन्याभराचा मेस यासाठी पैसे हवेत, दोनशे-पाचशे जमेल ते, पावती मिळेल, हिशोब फलकावर लागेल. त्याहून जास्त माणसं हवीत. अभ्यासिकावाले, मेसवाले, घरमालक, चहाच्या टपरीवाले, रोज पोरांचे चेहरे बघणारे तुम्हीच, पहिल्या रविवारी दोन तास या, काय विचारायचं, कसं ऐकायचं ते ते समुपदेशकच शिकवणारेत. सल्ले द्यायची हौस असलेल्यांनी जरा दमानं घ्यावं, ऐकणारे कमी पडतायत.

आणि हे वाचताना तुमच्याच मनात असं काही चालू असेल तर रविवारची वाट बघू नका, टेली मानसचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नाहीतर आमच्या खोलीवर या, रात्री अकरापर्यंत कुणी ना कुणी कॅरम खेळत असतंच, दार वाजवायचीही गरज नाही.