घोट कोण मोजतं?

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "दोन घास कमी केले, रोज चालतो, तरी काटा जागचा हलत नाही." वयामुळे असेल म्हणून मी विषय संपवला. रात्री मात्र गेल्या खेपेला पाहिलेलं तुमच्या फ्रिजचं दार आठवलं. बाबांचे कोल्ड्रिंकचे कॅन आणि 'शंभर टक्के फळांचा' म्हणून घेतलेला खोक्यातला रस. त्यातलं निम्मं मीच आणून भरलं होतं, तेव्हा या पत्रात थोडी माझीही कबुली आहे.

बाबा, तुम्ही घास मोजता, घोट मोजत नाही. 330 मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाच्या चमच्याने सात-आठ चमचे. तेवढी साखर वाटीत घालून कुणी पुढे ठेवली तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. ग्रॅमला 4 या हिशोबाने त्या एका कॅनच्या 140 कॅलरी होतात.

आता हसू नकोस आई. चार कप चहा, कपाला दोन चमचे, झाले आठ. बाबांचा कॅन आणि तुझा दिवसभराचा चहा तागडीत घातला तर पारडं कुणाकडे झुकेल सांगता येत नाही, आणि बोलणी फक्त बाबांनाच बसतात! रसाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं की अशी साखर रोजच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर 5 टक्क्यांच्या. 2000 कॅलरी खाणाऱ्याला 5 टक्के म्हणजे जेमतेम 25 ग्रॅम. त्यात फळांच्या रसातली साखर धरलेली आहे, अख्ख्या फळातली नाही. फळ चावून खा, बिनधास्त.

यातली खरी गोम निराळीच आहे. प्यायलेल्या साखरेची पोट नीट नोंदच ठेवत नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात 15 जणांना रोज 450 कॅलरी आधी चार आठवडे गोळ्या-चॉकलेटसारख्या चावायच्या गोडातून दिल्या आणि नंतर तेवढ्याच गोड कोल्ड्रिंकमधून (काहींना उलट क्रमाने). गोड चावून खाल्लं तेव्हा माणसं आपोआप बाकीचं कमी जेवली. कोल्ड्रिंक प्यायले तेव्हा जेवण होतं तेवढंच राहिलं आणि वजन वाढलं. बाबांनी कमी केलेले दोन घास कुठे जातात ते कळलं ना?

म्हणून त्या जागी पाणी. पण पाण्यात जादू नाही. थंड पाण्याने चरबी जळते असा निरोप बाबांनी मलाही पुढे ढकलला होता. अर्धा लिटर गार पाणी अंगाच्या उष्णतेला यायला पंधराएक कॅलरी लागतात, त्यात काय जळणार! पाण्याचा गुण एवढाच की त्यात काही नसतं. आणि पोट थोडं भरतं. 2010 साली 55 ते 75 वयाच्या 48 जणांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांना बेताचा आहार होता, पण निम्मे लोक प्रत्येक जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायचे. 12 आठवड्यांनी त्यांचं वजन इतरांपेक्षा सुमारे 2 किलोने जास्त उतरलं होतं.

हे वाचून लगेच तांबेच्या तांबे रिचवू नका मात्र. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, तेव्हा दिवसाला किती पाणी चालेल ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. उलट आई, तुला तहानच कळत नाही. वय वाढलं की तहान मंदावते, म्हणून तू आठवणीने पीत जा.

चहा सोड असं मी म्हणणार नाही, तेवढी हिंमत नाही माझ्यात. दोनाचा दीड चमचा कर, जीभ सरावली की एक. कॅन मात्र रोजचा बंद, बाबा. पहिला आठवडा चिडचिड होईल. माझीही झाली होती, ऑफिसात तिघांशी भांडले.

पुढच्या महिन्यात येतेय. या वेळी पिशवी हलकी असेल, सामान घ्यायला खाली उतरू नका.

तुमची,
लेक