जंतू पकडणारी साखर आधी नळाच्या पाण्याला लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रयोगशाळेत बनवलेल्या साखरेच्या रेणूंनी घातक जंतू पकडण्याच्या संशोधनाबद्दल आपल्या अंकात वाचले. फार आनंद झाला. मात्र त्यात सगळा भर इस्पितळांवर होता. या तंत्राची पहिली गरज आपल्या नळांना आहे, असे मला वाटते. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये उभा जन्म नोकरी केली आणि गल्लीतले पाणी आजही तपासते, म्हणून हे लिहिते आहे.

पाण्यात मैला मिसळला का, हे दाखवणारी एचटूएस बाटली 1982 साली आपल्याच ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी जगापुढे आणली. आत रसायन लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावून ठेवायचे. काळे पडले तर ते पाणी प्यायचे नाही. इतके सोपे! पण तिला ऊब लागते आणि वेळही लागतो. जानेवारीत इथे इतकी थंडी पडते, की बाटली लोकरीच्या कपड्यात गुंडाळून अंगाशी धरावी लागते. एवढे करूनही निकाल दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या. तोवर घरातली लहानथोर सगळी तेच पाणी प्यायलेली असतात. शिवाय ती हायड्रोजन सल्फाइड (एचटूएस) हा वायू सोडणारे जंतू ओळखते आणि ई. कोलाय हा आतड्यात राहणारा, मैल्यातून पाण्यात येणारा जंतू सहसा हा वायू सोडत नाही.

नवी साखर उपयोगी पडते ती इथेच. ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात. त्यांच्या टोकाला फिमएच नावाचे प्रथिन असते आणि ते मॅनोज ही साखर घट्ट धरते. आपल्या मूत्राशयाच्या आतल्या पेशींवर मॅनोज असते, म्हणून लघवीच्या धारेनेही हा जंतू तिथून सुटत नाही; उलट ओढ बसली की त्याची पकड आणखी आवळते. रसायनशास्त्रज्ञांनी हाच गुण हेरला. एकट्या मॅनोजची पकड सैल असते, पण लोहचुंबकाला ओढले जाणाऱ्या बारीक कणांवर तेच शेकड्याने बसवले, की जंतू कुसळासारखा चिकटतो. कण पाण्यात ढवळायचे, बाहेरून चुंबक लावायचा, जंतू कडेला गोळा! अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या गटाने 2007 मध्ये ई. कोलाय असा अवघ्या पाच मिनिटांत ओळखून दाखवला. प्रतिपिंडांवर चालणाऱ्या चाचण्यांना फ्रिज लागतो, साखर मात्र सहजी बिघडत नाही. मे महिन्यात वीज जाते त्या दुपारी याची किंमत कळते.

मॅनोजला घातक आणि निरुपद्रवी ई. कोलाय यांतला फरक कळत नाही. रोग्याच्या बाबतीत ही मोठी अडचण आहे. पाण्याच्या बाबतीत ती जवळजवळ नाहीच, कारण पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात कोणताही ई. कोलाय सापडू नये, असेच आपले भारतीय मानक सांगते. तो सापडला म्हणजे मैला शिरला. नळ बंद असताना फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत ओढले जाते, हे जुन्या वस्त्यांत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. एक सावधगिरी मात्र हवीच: हा जंतू आपले तंतू कधी काढतो, कधी आवरून घेतो. म्हणून साखरेला काही लागले नाही, एवढ्यावर पाणी शुद्ध ठरवू नये. एचटूएस बाटली आणि ही चाचणी जोडीने वापरावी.

कुणी मॅनोजची पूड विकत आणून खाऊ लागेल, म्हणून हेही सांगते. ब्रिटनमध्ये वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या 598 स्त्रियांवर तिची चाचणी झाली. 2024 मध्ये निष्कर्ष आला, की तिने संसर्ग टळत नाही.

आपल्या गावात ती संरक्षण प्रयोगशाळा आहे, जिवाजी विद्यापीठ आहे. मॅनोज लावलेले कण इथे बनवून तिघरा धरणाच्या आणि नळाच्या पाण्यावर पावसाळ्याआधी आजमावता येतील का, हे आपल्या वार्ताहराने दोन्हीकडे जाऊन विचारावे आणि मिळेल ते उत्तर छापावे, ही कळकळीची विनंती. नमुने गोळा करायला माणसे लागली, तर मी येईन.

आपली,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ
लष्कर, ग्वाल्हेर